बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांचा खर्च : खान्देशातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतली ज्यांची मुलं-मुली बारावीनंतर पुणे, नाशिक, संभाजीनगरला किंवा जळगावातच खोली करून शिकतात, त्या पालकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. फीची जुळवाजुळव घरं कशीबशी करतातच. ओढाताण होते ती दर महिन्याच्या खर्चाला, कारण शेतीचा पैसा हंगामाला येतो आणि मेसवाला एक तारखेला मागतो. म्हणून इथे रकमांइतकाच भर तारखांवर दिला आहे.

वर्षाला एकूण किती लागतील, हे आधीच कसं काढायचं?

तीन कप्पे करा. पहिला फीचा. कॉलेजकडून फीचा तपशील लेखी घ्या आणि त्यात शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत हे वेगवेगळं लिहिलंय का बघा. बऱ्याच सवलती शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावरच मिळतात. "मुलीला फी माफ आहे" म्हणून निर्धास्त राहिलेल्या घराला विकास शुल्क, वसतिगृह आणि अनामतीचा आकडा ऐनवेळी कळतो, तो इथेच.

दुसरा कप्पा राहण्या-खाण्याचा. समजा पुण्यात कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एक खाट) महिना ४,००० रुपये, मेस ३,५०० आणि प्रवास, मोबाईल, झेरॉक्स, साबण-तेल मिळून २,५००. मेस आणि किरकोळ खर्च दहा महिन्यांचा धरा. कॉटचं भाडं मात्र बाराही महिन्यांचं धरा, कारण उन्हाळ्यात मुलगा घरी आला तरी जागा सोडली नाही तर मालक भाडं घेतोच. म्हणजे ४८,००० + ३५,००० + २५,००० = १,०८,०००. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या शहराचे घालून बघा.

तिसरा कप्पा पहिल्याच महिन्यात एकदम येणाऱ्या खर्चाचा: खोलीचं डिपॉझिट, गादी, बादली, कुकर किंवा इंडक्शन शेगडी, अभ्यासक्रमाला लागत असेल तर लॅपटॉप, ड्रॉइंगचं साहित्य, एप्रन. डिपॉझिट देताना पावती घ्या आणि सोडण्याआधी किती दिवस सांगायचं ते त्यावर लिहून घ्या. डिपॉझिट बुडतं ते बहुतेक या एका ओळीवरून.

पुणंच हवं का? जळगाव-धुळ्यात केलं तर?

अभियांत्रिकी, वैद्यकीयला जिथे नंबर लागेल तिथे जावं लागतं. पण साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी लाखभर रुपये राहण्या-खाण्यावर घालण्याआधी नीट विचार करा, असं आमचं स्पष्ट मत आहे. १९९० साली जळगावात स्वतंत्र विद्यापीठ झालं, तेव्हापासून तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं त्यालाच जोडलेली आहेत. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. पदवी इथे करून पदव्युत्तरला बाहेर पाठवलं, तर तीन वर्षांचा राहण्याचा खर्च हाताशी उरतो.

अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, पाचोऱ्याहून जळगावला अपडाऊन रेल्वेच्या मासिक पासावर होतं. घर ते कॉलेज या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. त्यासाठी कॉलेजच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे.

कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो आणि फी जुलै-ऑगस्टमध्ये. मधली सांधेजोड कशी करायची?

आमच्याकडे सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. जून-जुलैत घरातला पैसा बियाणं, खत, निंदणीत गेलेला असतो आणि नेमकी तेव्हाच प्रवेशाची यादी लागते. त्यामुळे पुढच्या जुलैच्या फीची सोय या जानेवारीतच करावी लागते.

कापूस विकला की हातात आलेल्या रकमेतून आधी शिक्षणाचा वाटा बाजूला काढा, मग बाकीची देणी. फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांच्या खर्चाच्या पाच छोट्या एफडी करा, एकेक महिन्याच्या अंतराने मुदत संपणाऱ्या. वर दिलेल्या हिशेबाने दहा-दहा हजारांच्या. मुदत संपली की रक्कम मुलाच्या खात्यावर वळती करायची. सहावी एफडी फीची, १५ जूनच्या आसपास संपणारी. पन्नास हजार एकरकमी खात्यात पडून राहिले, तर लग्नाचा आहेर, मोटारीची दुरुस्ती, कुणाची उसनवारी यात कधी विरघळतात ते समजत नाही. एफडी मोडायला निदान बँकेत जावं लागतं.

रावेर, यावल, चोपड्याकडच्या केळीवाल्यांचं गणित वेगळं आहे. कापणी टप्प्याटप्प्याने होते, भाव मात्र आठवड्यात फिरतो. अशांनी प्रत्येक गाडीच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबाच्या रकमेतून) ठरलेला टक्का काढावा. आकडा ठरवून बसलं तर भाव पडलेल्या महिन्यात तो निघत नाही आणि मग शिस्तच मोडते.

व्यापाऱ्याकडून उचल घेऊन फी भरणं टाळा. उचल घेतली की माल त्यालाच आणि त्याच्याच भावाने घालावा लागतो. कागदावर व्याज दिसत नाही, पण क्विंटलमागे ते वसूल होतं.

कॉलेजकडे फीचे हप्ते मागता येतात. प्राचार्यांच्या नावाने अर्ज करा, त्यात किती रुपये कोणत्या तारखेला देणार ते लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी "बघू" म्हटलेलं परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी उपयोगी पडत नाही.

पीककर्ज मिळालंय, त्यातून फी भरली तर?

भरली जाते, पण त्याची किंमत दोनदा मोजावी लागते. एकदा खरिपात, कारण खताला पैसे कमी पडतात आणि उत्पन्न घटतं. दुसऱ्यांदा परतफेडीला. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तरच व्याजाची सवलत मिळते, मुदत हुकली की पूर्ण व्याज लागतं. आणि थकलेलं पीककर्ज पुढच्या प्रश्नातली अडचण ओढवून घेतं.

माझं सोसायटीचं कर्ज थकलंय. मुलाला शैक्षणिक कर्ज मिळेल का?

अवघड जातं, आणि हे फार उशिरा लक्षात येतं. शैक्षणिक कर्जाला पालक सहकर्जदार असतात. बँक मुलाचे गुण बघते तशी तुमची सिबिलची, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची, नोंदही बघते. कर्जमाफी होईल या आशेवर दोन-तीन वर्षं थकवलेलं कर्ज तिथे 'थकीत' म्हणून दिसतं. तडजोड करून कमी रकमेत मिटवलेलं कर्जही 'सेटल्ड' दिसतं, पूर्ण फेडलेल्यासारखं दिसत नाही.

मुलगा अकरावीत असतानाच स्वतःचा सिबिल अहवाल काढून बघा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. जे कर्ज तुम्ही फेडलंय पण नोंदीत थकीत आहे, त्याचा बेबाकी (कर्ज शिल्लक नसल्याचा) दाखला घेऊन दुरुस्तीचा अर्ज करा. खरंच थकलं असेल आणि फेडणं शक्य नसेल, तर सहकर्जदार म्हणून आईचं किंवा नोकरीत असलेल्या भावाचं, काकांचं नाव चालेल का हे शाखेत विचारा. बँक नाही म्हणाली तर कारण लेखी मागा. मग कुठे दुरुस्ती करायची ते तरी कळतं.

तारण न ठेवता किती कर्ज मिळतं?

बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि चार लाखांपर्यंत तुम्हाला स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. चार लाखांच्या वर देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के हिस्सा तुमचा. साडेसात लाखांपुढे घर किंवा एफडी यांसारखं तारण मागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक नामांकित संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीन दोन्ही लागत नाही. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष व्याजात तीन टक्के सवलतही मिळू शकते. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, ते विद्यालक्ष्मी पोर्टलवर आधी बघा.

कर्जाच्या अर्जात वसतिगृह, मेस, लॅपटॉप, पुस्तकं यांची रक्कम मागता येते. लोक फक्त फी लिहितात आणि मग राहण्याचा खर्च सावकाराच्या दराने काढतात.

आता व्याज. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, पण व्याजाचं मीटर पहिल्या हप्त्यापासून चालू असतं. समजा चार वर्षं दरवर्षी एक लाख उचलले आणि दर १० टक्के, सरळव्याज. पहिल्या वर्षी १०,०००, मग २०,०००, ३०,०००, ४०,०००, आणि सवलतीच्या वर्षात आणखी ४०,०००. परतफेड सुरू होईल तेव्हा चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात. कापूस विकला की त्या वर्षाचं व्याज तेवढं भरून टाका. बऱ्याच बँका असं करणाऱ्याला व्याजदरात एक टक्का सूटही देतात, शाखेत विचारून ठेवा.

घरात कुणी नोकरदार असेल तर या व्याजावर ८०ई कलमाखाली आयकरात वजावट मिळते, मात्र जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. कर्ज ज्याच्या नावावर आहे आणि जो व्याज भरतो त्यालाच ती मिळते.

आम्हाला नेमकी कोणती शिष्यवृत्ती लागू होते?

सगळे मुख्य अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरच होतात. अनुसूचित जाती व जमातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. खुल्या वर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: आठ लाखांपर्यंत उत्पन्न, शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम, कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांना. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे.

प्रवेश कॅप फेरीतून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झालेला असावा ही अट मात्र नीट वाचा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी आणि अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला ही माफी आणि शाहू शिष्यवृत्ती लागू होत नाही. एजंट "फी नंतर परत मिळेल" म्हणून व्यवस्थापन कोट्यात बसवतो आणि चार वर्षांची पूर्ण फी घराच्या माथी येते.

कागद कोणते आणि कधी काढायचे?

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून एप्रिल उजाडला की सातबारा, आठ-अ, तलाठ्याचा अहवाल घेऊन सेतू केंद्रात अर्ज टाका. जूनमध्ये सगळा तालुका तिथेच रांगेत असतो. नॉन क्रिमीलेयरला तीन वर्षांचं उत्पन्न लागतं. जात वैधता अकरावीतच सुरू करा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासूनचे पुरावे गोळा करण्यातच महिने जातात.

शेतमजुराने किंवा कोरडवाहू शेतकऱ्याने आणखी एक दाखला विसरू नये, तो म्हणजे अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असल्याचा. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी तो उपयोगी पडतो.

अर्ज मंजूर दिसतोय, पण पैसे आले नाहीत. कुठे अडकले?

आधी अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते बघा: कॉलेजचा लिपिक, प्राचार्य, की जिल्हा कार्यालय. 'सेंड बॅक' दिसत असेल तर त्रुटी दुरुस्त करून मुदतीत परत पाठवावा लागतो. हे बघायला मुलाला दर सोमवारी लॉगिन करायला सांगा, एसएमएसच्या भरवशावर राहू नका.

अर्ज पूर्ण मंजूर असेल तर घोळ बहुतेक बँक खात्याचा असतो. शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यावर येत नाही, आधार ज्या खात्याशी शेवटचं मॅप झालंय तिथे जाते. मुलाने दहावीत गावच्या शाखेत शून्य शिलकीचं खातं काढलेलं असतं, नंतर पुण्यात दुसऱ्या बँकेत खातं उघडतो, आणि पैसे गावच्या विसरलेल्या खात्यात पडतात. किंवा उलटं होतं. बँकेतला कर्मचारी "आधार लिंक आहे" म्हणतो, तेव्हा ते केवायसीपुरतं असू शकतं. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एनपीसीआय या देशाच्या पेमेंट यंत्रणेकडे मॅपिंग लागतं आणि त्याचा संमती फॉर्म वेगळा असतो. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. कोणती बँक आणि ते चालू आहे का, दोन्ही एकाच पानावर दिसतं.

आणखी दोन जागा तपासा. खात्यात दोन वर्षं स्वतःहून काहीच व्यवहार केला नसेल तर ते निष्क्रिय होतं. आणि अज्ञान (अल्पवयीन) म्हणून उघडलेलं खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्या सही आणि केवायसीने सज्ञान करून घ्यावं लागतं, नाहीतर व्यवहार थांबतात. आधार आणि दहावीची गुणपत्रिका यांतलं नाव अक्षराअक्षराला जुळतंय का, तेही एकदा बघून घ्या.

शिष्यवृत्तीचे पैसे मुलाच्या खात्यात आले. ते खर्चाला वापरायचे का?

आधी कॉलेजात जाऊन विचारा. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राच्या वाट्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती लगेच भरायची असते. रक्कम मोबाईल घेण्यात गेली की वर्षाअखेरीला कॉलेज मूळ कागदपत्रं आणि निकालासाठी पैसे मागतं, आणि तेव्हा घरात दमडी नसते. निर्वाह भत्त्याचा भाग किती, फीचा किती, हे लिपिकाकडून लिहून घ्या.

चालू महिन्याच्या बजेटमध्ये शिष्यवृत्ती कधीच धरू नका. ती उशिरा येते, कधी पुढच्या वर्षीही येते. आली की पुढच्या फीच्या एफडीत टाका.

वसतिगृहात नंबर लागला नाही. मग काय?

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, जमातीच्या विद्यार्थ्यांना स्वयं आणि ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, या तीन योजना शासकीय वसतिगृह न मिळालेल्यांसाठीच आहेत. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. त्याखालच्या शहरांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. आधी वसतिगृहाचा अर्ज केलेला असावा लागतो, म्हणून नंबर लागणार नाही असं वाटलं तरी अर्ज टाकाच. नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल इथल्या आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयांत स्वयंची चौकशी होते. हा पैसाही हप्त्यांत आणि उशिरा येतो, तोवर भाडं घरूनच द्यावं लागतं. खोलीचा करारनामा आणि मेसच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवायला सांगा.

महिन्याचे पैसे एकदम पाठवावेत की थोडे थोडे?

खोलीभाडं आणि मेस थेट मालकाला आणि मेसवाल्याला यूपीआयने द्या, किरकोळ खर्चाचे दर पंधरा दिवसांनी मुलाला. पहिलं वर्ष तरी असंच ठेवा. दुसऱ्या वर्षापासून सगळी रक्कम त्याच्या हाती द्यायला हरकत नाही, त्यालाही महिना बसवायला शिकायचंय. यूपीआय सर्कलची सोय वापरली तर तुमच्या खात्यातून मुलगा महिन्याला पंधरा हजारांच्या मर्यादेत खर्च करू शकतो आणि प्रत्येक व्यवहार तुम्हाला दिसतो.

मुलांशी घरचा हिशेब मोकळेपणाने बोला. कापूस काय भावाने गेला, फीचं कर्ज किती, हे माहीत असलेली मुलं जपून वागतात. लपवून ठेवलं की ती एक तर बेफिकीर होतात, नाहीतर उपाशी राहून पैसे वाचवतात. हे दुसरं मुलींमध्ये जास्त दिसतं. फोनवर "जेवलीस का" इतकंच न विचारता मेस चालू आहे का, किती दिवस खाडे झाले, ते विचारा.

घरातलं सोनं मोडावं की गहाण ठेवावं?

तीन-चार महिन्यांची अडचण असेल आणि पुढे पीक दिसत असेल तर बँकेत तारण ठेवा. परतफेडीची तारीख माल विकल्यानंतरची पडेल अशी मुदत मागा. मोडलं तर घडणावळ गेलीच आणि पुन्हा घेताना ती नव्याने द्यावी लागते. पण चार वर्षांची फी दरवर्षी सोनं ठेवून भरायचा बेत करू नका. तेवढ्यासाठी शैक्षणिक कर्ज घ्या.

मुलीचं सुकन्या खातं आहे. आत्ता काढता येतं का?

मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत काढता येतं. प्रवेशाचा पुरावा किंवा फीची मागणीपावती लागते.

मुलाने शिकताना काम करावं का?

कॉलेजात 'कमवा आणि शिका' असेल तर जरूर, कारण कामाचे तास वर्गाला सांभाळून असतात. बाहेरचं डिलिव्हरीचं काम पहिल्या वर्षी नको. एटीकेटी लागली की पुन्हा परीक्षा फी, आणि वर्ष वाया गेलं तर लाखभराचा राहण्याचा खर्च वाढतो.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्यायला सांगा. "तुझं खातं आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला पाच हजार देतो" असं सांगणारे वसतिगृहांच्या आसपास फिरतात. त्या खात्यातून ऑनलाइन फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. नंतर खातं गोठतं, शिष्यवृत्ती अडकते आणि पोलिसांची नोटीस मुलाच्या नावाने येते.

प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते का?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी रद्द केला तर पूर्ण, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांत ५० टक्के. त्यापुढे फक्त अनामत मिळते. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही. रद्द करायचा अर्ज त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा, म्हणजे तारखेवरून वाद झाला तर तुमच्याकडे पुरावा राहतो.

हॉस्टेलवरून घरी यायचा प्रवासखर्च कमी कसा होईल?

एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मुलींना ते लागू पडतं. मुलांनी जळगाव-भुसावळकडे येणाऱ्या रेल्वेचं दिवाळीचं आरक्षण खुलं होताच करून ठेवावं. ट्रॅव्हल्सचं भाडं दिवाळीच्या आठवड्यात दुपटीच्या वर जातं, आणि ते नेमकं कापूस विकायच्या आधीच्या कोरड्या महिन्यात द्यावं लागतं.